शंभर टक्के वहिनी

सगळं घरीच करणारी एक वहिनी तुमच्या गल्लीत असणारच. पापड घरचे, साबण घरचा, राख्या घरच्या, आणि तुम्ही बाजारातून काही आणलंत की "केवढ्याला पडलं?" असं विचारून तुमचा आनंद जागच्या जागी आटवणार. आमच्या शिंदखेड्याच्या वहिनी या जमातीतही एक पायरी वर आहेत. त्या घरी अंतर्वस्त्रं शिवतात. बरं, आजची साधीसुधी नाहीत. युरोप-अमेरिकेतल्या बायका १९३० ते १९५०च्या सुमारास घालायच्या तसली: उरेब कापडातले साटीनचे लांब शमीज, कटोरीवर गोल गोल टिपा मारलेल्या टोकदार ब्रेसियर, लेस लावलेल्या ढगळ चड्ड्या. यांचे नमुने इंटरनेटवर विकत मिळतात. पैसे भरा, फाईल उतरवा, छापा, पानाला पान चिकटवा आणि कापडावर कात्री चालवा.

हे सगळं मला माहीत असायचं खरं तर काही कारण नाही. पण वहिनींकडे प्रिंटर नाही, त्यांचे मिस्टर नोकरीला बाहेरगावी, आणि मी निवृत्त. निवृत्त माणूस ही गल्लीची सामाईक मालमत्ता असते. "भाऊ, तेवढं छापून आणा ना," म्हणत मोबाइलवर फाईल येऊन पडते.

आता त्या फाईलमधल्या चौकोनाविषयी. नमुन्याच्या पहिल्या पानावर दोन इंच बाय दोन इंचाचा एक रिकामा चौकोन असतो. आधी तेवढं एकच पान छापायचं, पट्टी लावायची आणि चौकोन बरोबर दोन इंच भरला तरच पुढची पानं काढायची. कारण अमेरिकेतला कागद आपल्या ए-फोरपेक्षा रुंदीला सहा मिलीमीटर जास्त आणि उंचीला जवळपास अठरा मिलीमीटर कमी. संगणक स्वतःला शहाणा समजतो. 'फिट टू पेज' म्हणत तो अख्खं चित्र सत्त्याण्णव टक्क्यांवर आणून पानात कोंबतो. चौकोनात फरक पडतो जेमतेम दीड मिलीमीटरचा, पण चौतीस इंचांचे तेहतीस होतात. तो एक इंच कुठे काचतो, ते जिचं तिलाच माहीत.

झेरॉक्सवाल्या पोराला हे पटत नाही. "सगळं पानात बसतंय ना काका, अजून काय पायजे?" त्याचंही बरोबर आहे. त्याच्या दुकानात सातबारा, आधार, जातीचा दाखला सगळं पानात बसतं आणि कोणी पट्टी लावून बघत नाही. वहिनी लावतात. "भाऊ, एक्कावन्न मिलीमीटर... नाही, एकोणपन्नासच भरतंय. परत जा." मी परत जातो. "त्याला सांगा, शंभर टक्के! ॲक्च्युअल साइज!" हे त्या जिन्यातून ओरडतात. गल्लीला एवढंच कळतं की मी कुठल्याशा कामात तीन टक्के कमी पडलो.

एकदा पीक विम्याचे दिवस होते. दुकान शेतकऱ्यांनी भरलेलं, आणि मशीनमधून माझं पान बाहेर आलं. त्यावर एक मोठा उंचवटा आणि त्याभोवती एकात एक वर्तुळं. त्या जुन्या ब्रेसियरच्या कटोरीला आकार यावा म्हणून अशाच गोल टिपा मारत असत. नमुन्यावर त्या रेघांनी दाखवलेल्या असतात. एका म्हाताऱ्या बाबाने पान उचललं, चष्म्याजवळ नेलं. "हाऊ कसाना नकाशा शे रे भाऊ?" पोरगं इमानी निघालं. म्हणालं, "धरणाचा." आमच्या तालुक्यात तापीवर सुलवाड्याचा बॅरेज आहे, जामफळच्या उपसा सिंचनाची चर्चा तर दर निवडणुकीला असते, धरण म्हटलं की माणसाच्या पोटात गोळा येतो. बाबाने त्या वर्तुळांवरून बोट फिरवलं आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "मन्ही जमीन जास का यामा?" मी शपथेवर सांगितलं, कोणाचीच जात नाही. तरी त्यांनी जाताना पानाचा फोटो काढून नेलाच.

पानं घरी आली की वहिनींच्या हॉलमध्ये जमिनीवर मांडामांड सुरू होते. वीस-पंचवीस पानं, कडेला खुणा, खुणेला खूण जुळवून सेलोटेप. हे काम पंखा बंद ठेवूनच करावं लागतं, नाहीतर कटोरी उडून स्वयंपाकघरात जाते. मे महिन्यात खानदेशात पारा अनेकदा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. त्या दिवसांत वहिनींकडे चहाला गेलेला पाहुणा पुन्हा येत नाही. मग कागदावरून मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवायचा, तो घालून बघायचा, कुठे झोळ येतो तिथे टाचणी लावायची, कागद दुरुस्त करायचा, आणि मग खऱ्या कापडाला हात. झारापकरांचं कटिंगचं पुस्तक उशाशी घेऊन वाढलेली ही बाई. छातीचा चौथा भाग अधिक माया, हे गणित तिला झोपेतही येतं. तरी कात्री उचलण्याआधी पुन्हा एकदा चौकोन मोजणार.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पण चौकोन डोक्यात शिरला. आमच्या भाचीसाठी एका मुलाची माहिती आली: पगार अमुक, बागायती दहा एकर, उंची पाच फूट दहा. वहिनींनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "हे ओरिजिनल आहे की पानात बसवलंय?" मुलगा पाहायला आला तेव्हा त्यांनी त्याला दाराच्या चौकटीशी उभं केलं. पाच फूट साडेसात. "मग जमीन पण मोजा," एवढंच बोलून त्या निघून गेल्या. स्थळ मोडलं. चौकात वाढदिवसाचा फलक लागला, 'भावी नगरसेवक', चेहरा फलकभर. वहिनी रिक्षातून उतरून बराच वेळ बघत राहिल्या. "हा तर तीनशे टक्क्यांवर छापलाय." तेव्हापासून गल्लीत त्या उमेदवाराला तीनशे टक्केच म्हणतात. मतं किती टक्के पडली, ते सांगत नाही.

दोन सख्खे भाऊ बांधावरून भांडत होते. दोघांच्या हातात गटाच्या नकाशाचे झेरॉक्स. वहिनींनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. एक शंभर टक्के, दुसरा सत्त्याण्णव. तीन टक्क्यांसाठी घरातली बोलाचाली बंद होती! भांडण काही मिटलं नाही. पण आता दोघेही भाऊ वहिनींशी बोलत नाहीत. निदान एका मुद्द्यावर तरी त्यांचं एकमत झालं.

हळदीकुंकवाला गेलेल्या बायकांना वाणासोबत इतिहासही मिळतो. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब नावाच्या तरुणीने दोन रेशमी रुमाल आणि फीत जोडून एक ब्रेसियर केली आणि १९१४ साली तिचं पेटंट मिळवलं. पुढे ते पेटंट पंधराशे डॉलरना एका कॉर्सेट कंपनीला विकून टाकलं. पैसा कंपनीने केला. बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले, त्याचीच पोटची पोर म्हणजे आपली ही फाईल. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये कापडाचं रेशनिंग होतं, तेव्हा बायकांनी पॅराशूटच्या रेशमातून आतले कपडे शिवले. यावर एका काकूंनी सांगितलं की त्याच सुमारास आपल्याकडे कंट्रोलच्या कापडात घरं निभावली, पण आपल्याला कोणी पॅराशूट दिलं नाही.

"जुनंच का पण?" असं विचारायचा अवकाश, की वहिनींचं उत्तर तयार. लायक्रा निघालं १९५८ साली. त्याआधीच्या बहुतेक नमुन्यांना ताणणारं कापड लागत नाही. सगळी कमाल कापण्यात आणि टिपेत. म्हणजे दोंडाईच्याच्या बाजारात मिळणाऱ्या सुती पॉपलिनमध्ये आणि रुबियामध्ये ते बसतात. या उन्हात कृत्रिम धाग्याच्या पट्ट्यांनी अंगावर घामोळं उठवून घेण्यापेक्षा पणजीच्या वयाचा नमुना बरा.

वहिनींच्या सासूबाई नव्वदीच्या. जन्मभर पुढे गाठ मारायची चोळी घातलेली. सुनेने शिवलेली पहिली ब्रेसियर त्यांनी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि निकाल दिला: "मांगे हूक? मंग तो लाई कोन दी व माय?" अमेरिकेतले नवरे त्या काळी रिकामेच बसत असतील, अशीही पुस्ती जोडली. वहिनी जगात कोणाचं ऐकत नाहीत; सासूचं त्या दिवशी ऐकलं. हूक पुढे आले. खांदा धरलेल्या, हात मागे न जाणाऱ्या बायकांमध्ये आता तोच नमुना सगळ्यात जास्त चालतो. वहिनी ब्लाउजच्या शिलाईएवढे पैसे घेतात आणि पहिली टीप घालण्याआधी शिवून घेणाऱ्या बाईलाही चौकोनाचं महत्त्व समजावतात.

इथवर मी हसत होतो. मग एकदा आमच्या सौभाग्यवतींनी सांगितलं की बाजारात हा माल घ्यायचा म्हणजे काय असतं. काउंटरपलीकडे पुरुष. तो "कितीचा नंबर?" विचारतो, उत्तर यायच्या आत नजरेने अंदाज बांधतो आणि चौतीस काढतो. घट्ट होतं म्हटलं तर "वापरून सैल होईल." घालून बघायची सोय नाही, बदलून मिळत नाही. डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून असा सरकवतो की जणू बाईने चोरी केली. अर्धा तालुका वर्षानुवर्षं चुकीच्या मापात वावरतोय. सगळ्या 'फिट टू पेज'. पाठ दुखते म्हणून मलम चोळतात आणि दहावीच्या पोरी छातीशी दप्तर धरून वाकून चालतात.

वहिनींकडे मापं घेताना दार लावलेलं असतं. मापांच्या वहीत कोणाचंच नाव नाही. प्रत्येकीला एक भाजी दिलेली: दोडकं, गिलकं, पोकळा, चवळी. ज्या गावात कोणाच्या घरी कळण्याची भाकरी झाली आणि कोणाच्या घरी शेवभाजी, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, तिथे ही वही आजवर एका शब्दाने फुटलेली नाही. आमची कुठली भाजी, हे मलाही माहीत नाही. विचारायची छाती होत नाही. शेजारच्या एका बाईंचं ऑपरेशन झालं, एक बाजू काढावी लागली. त्या वर्षभर दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन हिंडत होत्या. वहिनींनी मला कारण न सांगता एकच पान छापून आणायला सांगितलं. आतल्या बाजूला खिसा असलेली कटोरी होती, असं नंतर कळलं. त्यात घरच्या शेतातला, सरकी काढलेला कापूस भरला. बाई आता मुलाच्या लग्नात एका खांद्यावर पदर घेऊन नाचल्या.

वहिनींनी स्वतःसाठीही एक शमीज शिवलाय. फिकट पिवळं साटीन, खाली हातभर लेस, उरेब कापल्यामुळे अंगासरशी पडणारा. सौभाग्यवती म्हणतात, असं काम धुळ्यातसुद्धा कोणी करणार नाही. तो ट्रंकेत असतो. वर्षातून एकदा धुतात, आणि गच्चीवर वाळत घालतात तो मोठ्या टॉवेलच्या खाली. अमेरिकेच्या कागदाशी भांडणारी, भावी नगरसेवकाचं माप काढणारी ही बाई. पण दोरीपाशी आली की तिचीही टक्केवारी उतरते.

तर वहिनींबद्दल माझ्या तक्रारी कायम आहेत. पण मागच्या काही वर्षांत आमच्या गल्लीतल्या पोरी ताठ चालायला लागल्या, हे काम ना कुठल्या मंडळाने केलं ना कुठल्या योजनेने. तुमच्या गावात अशी वहिनी असेल तर तिला वेडी म्हणू नका, तिची पानं छापून आणा. आणि पुरुषांनो, समाजसुधारणा व्हायची तेव्हा होईल. आपापल्या घरच्या दोरीवरचा तेवढा टॉवेल आज काढा.