न तुटलेल्या झाडाचा पंचनामा

जंगलातला कार्बन विकायचा तर आधी तो कागदावर आणावा लागतो. मारेगाव तालुक्यातला साग घ्या. जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याला फीत लावायची, घेर लिहायचा, सूत्राने सुक्या लाकडाचे वजन काढायचे. त्यात जवळपास निम्मा कार्बन, त्याला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइड. एक टन म्हणजे एक क्रेडिट. इथवर निव्वळ अंकगणित.

पुढे प्रतिभा लागते. जंगल राखण्याचा प्रकल्प नसता तर किती जंगल तुटले असते, हे सिद्ध करायचे असते. न घडलेल्या गुन्ह्याचा हा पंचनामा. तोड जितकी भयंकर रंगवावी, तितकी क्रेडिट जास्त. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या (वस्तीवरच्या) बाईने सरपणाची मोळी इथली सोडून शेजारच्या जंगलातून आणली, तर ती ‘गळती’, तेवढी वजाबाकी. वणव्यासाठी काही क्रेडिट राखीव.

मग स्वतंत्र लेखापरीक्षक येतो, नमुन्याचे चार तुकडे मोजतो, शेरा मारतो आणि ‘व्हेरा’सारखी संस्था क्रेडिट देते. जानेवारी २०२३ मध्ये ‘द गार्डियन’ आदींच्या शोधवृत्ताने व्हेराची वर्षावनांतली ९० टक्क्यांहून अधिक क्रेडिट पोकळ ठरवली; व्हेराने अर्थातच ते फेटाळले. महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये. इथे ३३ कोटी झाडांच्या लागवडीची चौकशी विधिमंडळाच्या समितीकडे द्यावी लागली होती.

राहता राहिले स्वातंत्र्य. परीक्षक निवडतो प्रकल्पवाला, आणि त्याचे बिलही तोच भरतो.