तारांकित शोध

विधिमंडळात तारांकित प्रश्न असतो, प्रोग्रॅमरकडे तारांकित शोध. फायली शोधायला 'अहवाल*.पीडीएफ' लिहायचं, तारका म्हणजे 'इथं काहीही चालेल'. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला युनिक्समध्ये या कामाला 'ग्लॉब' नावाचा स्वतंत्र प्रोग्रॅमच होता.

सोय उत्तम, पण यंत्र सोवळ्यातलं. लिनक्सच्या लेखी छोट्या अक्षरांतलं पीडीएफ आणि मोठ्या अक्षरांतलं पीडीएफ ही दोन वेगळी घराणी. विंडोज मात्र दोघांना एकाच पंगतीला बसवतं. डॉसच्या काळी फायलीच्या नावाला 8 आणि आडनावाला 3 अक्षरांचं रेशन होतं. त्याची पुण्याई अशी, की आजही विंडोजवर '*.एचटीएम'ला आमंत्रण दिलं, तर कधीकधी एचटीएमएलही आगंतुकासारखं पानावर येऊन बसतं. पायथॉनमध्ये साध्या '*.पीडीएफ'नं आतल्या फोल्डरांत कुणी डोकावत नाही. त्यासाठी 'आरग्लॉब'ची वेगळी आळवणी.

एवढं करून हाती काय लागतं? 'अहवाल_अंतिम', 'अहवाल_अंतिम_नवा' आणि 'अहवाल_खरंच_अंतिम'. तिघांचंही एक्स्टेन्शन बिनचूक. कोडनं आपलं काम चोख केलेलं असतं.

तेव्हा संगणकाला नावं ठेवण्याआधी फायलींना नीट नावं ठेवा.