शंभर जीबी आणि पासष्ट ओव्या

फेब्रुवारी 2008 मध्ये तोशिबाने हात टेकले आणि ब्लू-रे विरुद्ध एचडी डीव्हीडी हे जपानी महायुद्ध संपलं. भांडण कशाचं, तर डिस्कच्या एका थरात 25 जीबी मावावेत की 15, याचं. त्या सुमारास आमचं मुक्ताईनगर 700 एमबीच्या व्हीसीडीवर सुखाने नांदत होतं. मोझर बेअरने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना बाजारात आणली होती. म्हणजे सहा रुपये जास्त टाकले की माणसाची जागा जवळजवळ सातपट व्हायची. इतक्या स्वस्तात आमच्याकडे शेताचा बांधसुद्धा सरकत नाही.

या जागेचं करायचं काय, यावर मात्र इंजिनिअर आणि आम्ही यांचं कधी जमलं नाही. त्यांना वाटलं, जागा वाढली की लोक चित्र स्वच्छ करून घेतील. आमच्याकडे दुकानात पहिला प्रश्न असायचा, "भो, यात पिक्चर किती हायेत?" एका धड सिनेमासाठी काढलेल्या डीव्हीडीच्या 4.7 जीबीत मग पाच सिनेमे कोंबलेले असत. चेहऱ्याचे चौकोन झालेले. हिरो कोण आणि व्हिलन कोण, हे आवाजावरून ओळखायचं. पण पैसे वसूल!

त्या मानाने व्हीसीडी गुणी. एकीत फार तर ऐंशी मिनिटं मावत, त्यामुळे तीन तासांचा हिंदी सिनेमा तीन तुकड्यांत यायचा. तुकडा संपला की चहा व्हायचा, पुढे काय होणार यावर पैजा लागायच्या, आणि आजोबांना सुरुवातीपासूनची गोष्ट पुन्हा सांगितली जायची. तेवढ्यात भारनियमन सुरू झालं, की वीज बाहेर आणि डिस्क आत. मग प्लेअरच्या बारक्या भोकात टाचणी खुपसून ती काढण्याचा कार्यक्रम, कारण भाडं दिवसाचं आणि दुकानदार घड्याळाचा पक्का.

गेमचं प्रकरण मला भाच्याने शिकवलं. पुण्याहून येताना त्याने प्लेस्टेशन 3 आणलं आणि त्यावर 'मेटल गिअर सॉलिड 4' लावला. डिस्क 50 जीबीची, पण ती वाचणाऱ्या ड्राइव्हचा वेग सेकंदाला फक्त 9 एमबी. सगळी डिस्क एका दमात वाचायची म्हटलं तर दीड तास लागेल. म्हणून गेम तुकड्यातुकड्यांनी हार्ड डिस्कवर उतरायचा, आणि तोवर पडद्यावर नायक निवांत सिगारेट ओढत बसायचा. आमच्या मावशी भरिताची वांगी सोलता सोलता म्हणाल्या, "याला काही कामधंदा आहे, का नुसता फुकतच बसणारे?" कोठार मोठं आणि दार अरुंद, हे दुखणं तज्ज्ञांनी लेख लिहून सांगितलं, मावशींनी वांग्याचं देठसुद्धा खाली न ठेवता सांगितलं.

2010 साली जपानबाहेर 'फायनल फँटसी 13' हा गेम प्लेस्टेशनवर एका ब्लू-रेत आला आणि एक्सबॉक्स 360 वर तीन डीव्हीडींत. कित्येक तास चालणाऱ्या खेळात दोनदा उठून डिस्क बदलायची, एवढेच काय ते जास्तीचे कष्ट. डॉक्टर तर म्हणतील, बदला, तेवढाच व्यायाम. पुढे प्लेस्टेशन 4 पासून अख्खा गेमच हार्ड डिस्कवर उतरवणं भाग झालं. डिस्क उरली ती सातबाऱ्यासारखी: पीक दुसरीकडे, हा नुसता मालकीचा कागद. तरी तो कागद ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय कुणी खेळू देत नाही.

टीव्हीच्या बाबतीत मोठ्या डिस्कची बाजू थोडी खरी आहे. 2016 मध्ये आलेल्या 4के डिस्कमध्ये 100 जीबीपर्यंत माल असतो. इंटरनेटवरून येणारं चित्र दाबून-चेपून पाठवलेलं असतं. डिस्कवरचं ऐसपैस बसलेलं. अंधारातल्या प्रसंगात तो फरक दिसतो. पण कधी? टीव्ही मोठा असेल आणि आपण जवळ बसलो असू तेव्हा. 32 इंची फुल एचडी टीव्हीपासून चार-पाच फुटांपलीकडे गेलं, की त्याचेच ठिपके डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. आमचा दिवाण दहा फुटांवर. 4केचा बारकावा टीव्हीतून निघतो आणि मधल्या सतरंजीवर सांडतो.

जागा किती आणि तिच्यात भरायचं काय, हा विषय आमच्या तालुक्याला खरं तर नवा नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, तिथे योगी चांगदेवांचं देऊळ. चौदाशे वर्षांचं आयुष्य लाभलेल्या या योग्याने ज्ञानेश्वरांना पत्र पाठवलं ते कोरं, आणि ते पाहून मुक्ताबाईने, एवढं जगूनही हा कोराच राहिला, असा शेरा मारला, अशी कथा आहे. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी लिहिल्या फक्त पासष्ट ओव्या. त्या 1.44 एमबीच्या फ्लॉपीतही एका कोपऱ्यात मावतील. साठवणीचा एवढा कडक हिशेब ज्या मुक्ताईने केला, तिच्याच नावाच्या गावात आम्ही पाच-पाच सिनेमे एका डिस्कमध्ये कोंबत होतो.

आता आमच्याकडून डिस्कही गेली. भाच्याच्या लग्नाचं शूटिंग 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर आलं आणि तो शिगोशीग भरलेला होता. वरण-बट्टीची पंगत पहिल्या द्रोणापासून शेवटच्या ढेकरापर्यंत 4केमध्ये. मी शूटिंगवाल्याला म्हटलं, "बाबा रे, हे सगळं पासष्ट मिनिटांत बसव."

तो म्हणाला, "काका, नुसता मान्यवरांचा सत्कारच चाळीस मिनिटं चालला. त्यातलं कोणाला कापू, ते तुम्ही लिहून द्या. निवडणूक तोंडावर आहे, मी नाही सांगणार."