छातीवरचा स्वभाव

रविवारी सकाळी मुंबईच्या आरे कॉलनीत शिरलं, की माणसाचा स्वभाव ओळखायला पत्रिका लागत नाही. तो छातीवरच छापलेला असतो. ‘झाडं वाचवा’ असं लिहिलेला पोपटी टी-शर्ट घालून गृहस्थ गाडीतून उतरतात. इंजिन मात्र चालूच, परतताना एसी गार हवा ना! तिथल्या ‘छोटा काश्मीर’ बागेत लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली नवरी भाड्याचा शेपटीवाला गाऊन दोन्ही हातांनी सावरत असते. पायात रबरी चपला. मूड राजकन्येचा, तोही तासाच्या भाड्याने.

सगळ्यांत खानदानी म्हणजे वारली छापाचा कुर्ता. शिंप्याने बगलेत शिवण अशी मारलेली, की तारपा वाजवणाऱ्याचं डोकंच गायब, आणि नाचणारे बिचारे बिनसुरात गोल फिरताहेत. या कुर्त्याची मालकीण पाड्यावरच्या वारली बाईशी दोन जुड्यांवरून घासाघीस करते. त्या बाईच्या अंगावर फुलाफुलांची मॅक्सी, खांद्यावर टॉवेल. संस्कृती कुणाची आणि अंगावर कुणाच्या, हे कपड्यांवरून ठरवू नये.

४ ऑक्टोबर २०१९च्या रात्री इथे मेट्रोच्या कारशेडसाठी करवती चालल्या. दोन हजारांवर झाडं गेली. अडवायला आलेल्यांपैकी २९ जणांना अटक झाली. त्यांनी त्या रात्री काय घातलं होतं, हे आज कुणाच्याही लक्षात नाही.