मुलांचे मन : नोंद व निपटारा

मुलांना मन असते, ही बाब शासनाने वेळोवेळी मान्य केली आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने तर मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी घातली आहे. छडी फळ्यामागे ठेवली जाते, ती या कायद्याचा मान राखूनच.

अक्कलकुवा तालुक्यातले खापर हे अंकलेश्वर–बऱ्हाणपूर महामार्गावरचे गाव. पुढे गुजरातची हद्द. दिवाळी सरली की आसपासच्या पाड्यांवरचे अनेक आईबाप ऊसतोडीला हद्दीपलीकडे जातात. पोर आजीकडे नाहीतर आश्रमशाळेत राहते. मुकादमाच्या वहीत उचल बापाच्या नावावर असते, फेडीत पोराचाही वाटा असतो.

त्यानंतर दिसणाऱ्या लक्षणांचे वर्गीकरण सोपे आहे. प्रार्थनेच्या वेळी रोज पोट दुखले तर ‘ढोंग’, बोलणे बंद झाले तर ‘शांत स्वभाव’, अंथरूण ओले झाले तर ‘वाईट सवय’ आणि वसतिगृहातून पळून पाड्यावर गेले तर ‘गैरहजर’. पाचवा रकाना नाही. एक तृतीयांश मनोविकार चौदाव्या वर्षाआधी सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वयात प्रगतिपुस्तकावर ‘वर्तन : समाधानकारक’ असा शेरा असतो.

उपचार तीन प्रकारचे. पहिला दिनविशेषाचा : १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. फलक लागतो, पाहुण्यांना नारळ-शाल मिळते, ताणमुक्तीवर भाषण होते आणि ते संपेपर्यंत मुले उन्हात मांडी घालून बसतात. दुसरा वाराचा : २०२४ पासून पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आहे. मुलांना आनंद झाला की नाही, हे फोटोवरून ठरते. म्हणून फोटोआधी हसण्याची सूचना दिली जाते. तिसरा फोनचा : २०२२ पासून १४४१६ वर टेलि-मानसची मोफत सेवा चोवीस तास मिळते. सल्ला मराठीत मिळतो, रडू भिलोरीत येते. शिवाय घरातला एकमेव फोन बापाच्या खिशात, उसाच्या फडात असतो.

याखेरीज एक जुना उपाय आहे : मुलाजवळ बसणे, त्याच्या बोलीत विचारणे, उत्तर येईपर्यंत गप्प राहणे आणि आठवड्यातून एकदा आईशी फोन जोडून देणे. त्याला निधी लागत नाही, शासन निर्णय लागत नाही, अहवालही पाठवावा लागत नाही. त्यामुळे हे काम नेमके कोणत्या विभागाचे, ते अद्याप ठरलेले नाही.