दुधनीत जुने कॉमिक्स जमवण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुने कॉमिक्स जमवायचे तर मुंबईच्या फोर्टातले फूटपाथ पालथे घालावे लागतात, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. अक्कलकोट तालुक्यातले दुधनी या कामाला कितीतरी सोयीचे. इथे बाजार समितीत तुरीचा भाव तोंडपाठ असलेली माणसे शेकड्याने भेटतील. कॉमिक्सचा भाव कोणी विचारत नाही. शिवाय सोलापूर–वाडी लोहमार्गावरचे, कर्नाटकाला खेटलेले हे गाव. माल मराठीतही सापडतो आणि कानडीतही. होतकरू संग्राहकाने पुढील नियम क्रमाने पाळावेत.

१. घराणे निवडावे

नवख्याने दोनच घराणी धरावीत. थोरले ‘चांदोबा’. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये काढलेल्या मासिकाची ही मराठी पाती, १९५२ सालची. ‘चित्रांत फुगे नाहीत, म्हणजे हे कॉमिक्स नव्हे,’ असे म्हणणारा एक विद्वान प्रत्येक गावात असतो. त्याला चहा पाजावा आणि पुढच्या घरी जावे.

धाकटे घराणे ‘इंद्रजाल कॉमिक्स’. टाइम्स ऑफ इंडियाच्या कंपनीने मार्च १९६४ मध्ये सुरू केले, १९९० मध्ये बंद केले. पहिले ३२ अंक ली फॉक यांच्या मुखवटाधारी वेताळाचे. त्यांची बरीचशी मुखपृष्ठे बी. गोविंद यांनी रंगवलेली. मँड्रेक वगैरे मंडळी नंतर आली आणि आबिद सुरतींचा बहादूर तर १९७६ मध्ये.

कोणाच्या दारात उभे राहून ‘तुमच्याकडे वेताळ आहे का?’ असे मात्र विचारू नये. चांदोबातला, शंकर यांनी चितारलेला, विक्रमाच्या पाठीवरचा वेताळ की इंद्रजालमधला घोड्यावरचा, हा खुलासा होण्याआधीच दार लागते.

२. घरात शिरावे

‘जुनी पुस्तके आहेत का?’ या प्रश्नाला पंचांगे, पोथ्या आणि दहावीची गाइडे बाहेर येतात. म्हणून ‘पोरांची पुस्तकं’ म्हणावे. घर कानडी असेल तर ‘अव्वा, हुडुगर पुस्तक अदावेन्री?’ एवढे वाक्य पाठ असावे. पुढचे कानडी येत नसल्यास हसावे, चहा येतो.

उत्तर दोन्ही भाषांत एकच मिळेल. ‘होती की! ढीगभर होती. गेल्या दिवाळीला रद्दीत घातली बघा.’ हे ऐकताना चेहरा पडू देऊ नये. उलट त्या माउलीला मनोमन दंडवत घालावा. गावोगावच्या आयांनी हे अंक जपून ठेवले असते, तर आज त्यांना कोण विचारणार होते? छापखान्यांनी ते हजारोंनी काढले. दुर्मीळ केले ते दिवाळीच्या साफसफाईने. संग्राहक जी किंमत मोजतो तिच्यातला कागद-शाईचा वाटा किरकोळ. बाकीची सगळी त्या साफसफाईची मजुरी.

३. वय ओळखावे

विक्रेता ‘लई जुनं हाय’ म्हणतो, त्यावर जाऊ नये. छापलेली किंमत पाहावी. आण्यांत असेल तर अंक बहुधा एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण तेव्हा दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. जून १९६४ पासून सरकारने ‘नये’ काढून टाकले आणि नुसते पैसे उरले. विक्रेता स्वतःचे वय पुरावा म्हणून सांगू लागला तर तो नम्रपणे नाकारावा.

दुसरी कसोटी विक्रेत्याचीच. इंद्रजालच्या इंग्रजी मालिकेत १२३ आणि १२४ हे क्रमांक निघालेच नाहीत. कंपनीत संप होता. तेव्हा सहज विचारावे, ‘१२३ मिळेल का?’ जो ‘असा अंकच नाही’ म्हणेल तो जाणकार. त्याच्याशी घासाघीस व्यर्थ. जो ‘कालच गेला, पुढच्या आठवड्यात आणून देतो’ म्हणेल, त्याच्याकडून बाकीचे सगळे अंक स्वस्तात मिळतात.

४. सीमाप्रश्न सोडवावा

मराठी चांदोबाची मधली चार पाने गायब असणे हा नियमच आहे. कथेत राजपुत्र गुहेत शिरतो आणि पुढच्याच पानावर त्याचे लग्न लागलेले असते. पुण्याचा संग्राहक इथे हतबल होतो. दुधनीकराने शेजारच्या घरातून त्याच महिन्याचा कानडी ‘चंदमामा’ मागावा. तो मराठीच्याही आधीचा. दोन्हीकडे चित्रे तीच. बदलतो तो मजकूर. गुहेत काय घडले ते चित्रांवरून कळते आणि राक्षस काय बोलला ते अव्वा सांगते.

१९६७ मध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाने अक्कलकोटचा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्याला द्यावा असे सुचवले, आणि सीमेचे भांडण अजून मिटलेले नाही. कपाटात तरी ते उभे करू नये. मराठी आणि कानडी अंक एकाच फळीवर, महिन्यांनुसार लावावेत.

५. जतन करावे

या अंकांचा कागद हलका. त्यातले लिग्निन ऊन आणि उष्णतेने कागद पिवळा करते आणि सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा चाळिशीच्या खाली राहत नाही. चार-पाच मे महिने पत्र्याखाली काढलेला अंक कडक भाकरीसारखा मोडतो. फरक इतकाच की तो आमटीत चुरता येत नाही. म्हणून माळा वर्ज्य. भिंतीपासून दूर, अंधारे कपाट बरे. फाटल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. पट्टी सुटते, डाग राहतो. गंजलेली पिन हलक्या हाताने काढून दोरा ओवावा. कसर लागू नये म्हणून अधूनमधून अंक चाळावेत. संग्राहकाला वाचनाची परवानगी आहे ती एवढ्याच कारणासाठी.

६. आनंद घ्यावा

कोरा अंक वाचल्याने खराब होतो आणि न वाचल्याने निरर्थक ठरतो. यावर सर्वमान्य तोडगा दोन प्रती घेण्याचा. एक ठेवायला, एक वाचायला. मग पाहुण्यांची पोरे मागतात, त्यांना तिसरी. तिसरी परत येत नाही म्हणून चौथी. अशा रीतीने वर्षभरात घरात गठ्ठे बांधले जातात, मधोमध ताणकाटा टांगावासा वाटतो आणि घरचे लोक ‘हे सगळं कधी घालवणार?’ असे विचारू लागतात. हा प्रश्न कानावर आला की समजावे, संग्रह पूर्ण झाला.

शेवटची सूचना. हे मार्गदर्शन वाचून झाल्यावर कात्रण काढून फाइलला लावू नये. थेट रद्दीत द्यावे. सगळ्यांनी जपून ठेवले तर पन्नास वर्षांनी याला कोणी कवडीही देणार नाही.