पुढचं काय ऐकू?

सकाळी सातला बेल वाजली की दूधवाला नसतो, समोरचे काका असतात. अंगात बंडी, एका कानात इअरफोन, दुसरा गळ्यात लोंबतोय आणि ठरलेला प्रश्न : "अरे, पुढचं काय ऐकू?"

"आधीचं संपलं?" असं विचारायची चूक मी एकदाच केली. "संपलं म्हणजे... अंदाज आला," काका म्हणाले.

२०१७ साली स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं, मराठी पुस्तकंही बोलू लागली. मुलाने ते काकांच्या फोनवर घालून दिलं आणि काका वाचकाचे श्रोते झाले. वाचक तरी कसले? सर्क्युलेटिंग लायब्ररीत उभ्याउभ्या पन्नास पुस्तकं चाळून शेवटी जुना दिवाळी अंक घेऊन येणारे! त्यांच्या लहानपणी बरं होतं. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून ठेवलेल्या. लायब्ररीवाला काही न विचारता पुढचा 'झुंजार' हातात ठेवायचा. "निवडायची भानगडच नव्हती रे!" काका उसासा टाकतात.

आता भानगड आहे, आणि काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यामुळे पुस्तक निवडायचं म्हणजे कर्जप्रकरण मंजूर करायचं. पहिली छाननी लांबीची. अठरा तासांची ऐतिहासिक कादंबरी दिसली की, "हप्ते फार आहेत." दुसरी छाननी आवाजाची. वाचणारा हा जामीनदार. "लेखक कितीही मोठा असू दे, जामीनदार पक्का हवा." नमुन्याची चार मिनिटं डोळे मिटून ऐकायची. वाचणाऱ्याने नायिकेसाठी आवाज बारीक केला की प्रकरण नामंजूर. 'आणि' म्हणताना 'आनि' ऐकू आलं की फाईलच बंद. राहता राहिले तारे. त्यांच्यावर काकांचा काडीचा विश्वास नाही. "पाच तारे देणारे सगळे लेखकाचे मेहुणे."

यातूनही एखादं पुस्तक मंजूर होतं. मग त्याचे हाल सुरू. पेशवाईतली एक कादंबरी त्यांनी दीडपट वेगाने लावली, तर खलबतखान्यातली मंडळी शेवटची लोकल गाठायची असल्यासारखी बोलू लागली. वेग कमी केला, तर काकांनाच झोप लागली. नारायण धारपांच्या भयकथांचं त्यांना भारी वेड, पण रात्री ऐकायची छाती नाही. म्हणून भरदुपारी मंडईत ऐकतात. परवा मेथीची जुडी हातात धरून "नको, नको!" असं किंचाळले. भाजीवालीने घाबरून पाच रुपये कमी केले.

रहस्यकथा मात्र रात्री, अंथरुणात. पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होईल असं लावून ठेवायचं. आठव्या मिनिटाला मृतदेह सापडतो, नवव्या मिनिटाला काका घोरतात. त्यामुळे किमान शंभर पुस्तकांत खून कोणाचा झाला हे त्यांना तोंडपाठ आहे. कोणी केला, हे एकाही पुस्तकाचं ठाऊक नाही. तरी सोसायटीच्या बाकावर ते कोणालाही पुस्तक सुचवतात. "विज्ञानकथा हवी? नारळीकरांपासून सुरुवात कर. गूढकथा? मतकरी. पण पावसात ऐक." सल्ला चोख असतो. फक्त शेवट विचारायचा नाही. विचारलात तर, "मजा जाईल तुझी," म्हणून उठतात.

गेल्या रविवारी मी त्यांच्याकडे चहाला होतो. काकू ओट्यापाशी लसूण सोलत होत्या. काकांचा फोन पोळ्यांच्या डब्याला टेकून उभा, आणि त्यातून कोणीतरी खड्या आवाजात उलटतपासणी घेत होतं. "हे अर्धवट सोडून नवीन शोधत बसतात," काकू म्हणाल्या, "मी आपली कुकरच्या शिट्ट्यांमध्ये संपवते एकेक. वाया कशाला घालवायचं?"

तेवढ्यात काका आलेच. "अगं, ते वाड्यातल्या खुनाचं पुन्हा लावू म्हणतो. जामीनदार चांगला होता."

"लावा की. पुतण्याने केलाय."

माझ्या हातातला कप हलला. एवढ्या छाननीचा, एवढ्या रात्रींचा असा एका शब्दात निकाल! काका क्षणभर स्तब्ध. मग चेहरा उजळला, कर्ज पूर्ण फिटल्यासारखा. खिशातली छोटी वही काढून त्यांनी त्या पुस्तकाच्या नावापुढे ठळक बरोबरची खूण केली आणि माझ्याकडे वळले.

"चला, एक संपलं! आता सांग, पुढचं काय ऐकू?"